अवकाळी थंडी आणि तापते हवामान : शंका व समाधान

भोर आणि वेल्हे (राजगड) या तालुक्यांत भाताची मळणी उरकली, की रब्बीचे दिवस सुरू होतात. ओल टिकून असलेल्या खाचरांत हरभरा, मसूर व पावटा वर येतो. विहिरीची किंवा उपशाची सोय असेल तेथे गहू उभा राहतो. पहाटे दहिवर पडते आणि गावातील चुलींचा धूर सरळ वर न जाता खोऱ्यावर आडवा पसरून राहतो. ही थंडी शेतकऱ्याच्या ओळखीची असून बहुतेक रब्बी पिकांस ती हवीच असते. मकरसंक्रांतीनंतर ती तिळातिळाने ओसरते, असा सर्वांचा अनुभव आहे.

परंतु एखाद्या वर्षी हा क्रम चुकतो. माघ अर्धा सरत आला तरी हुडहुडी जात नाही, उलट वाढते. अशा वेळी गावच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो. तो प्रश्न मला कानंद खोऱ्यातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने विचारला होता : “साहेब, जग तापले म्हणता, मग आम्ही ही शेकोटी कशाला पेटवली?” सभेत हशा पिकला. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर शेतकरी बंधुभगिनींपुढे आणि गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे मांडावे, हा या लेखाचा हेतू आहे.

माझ्या हातून झालेली चूक

ही गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी जानेवारीच्या मध्यास, संक्रांतीच्या सुमारास, मी वर उल्लेखिलेल्या गावी उन्हाळी भुईमुगासंबंधी सभा घेतली. हवामान बदलत आहे, हिवाळा आखडत चालला आहे, तेव्हा थंडी ओसरण्याची वाट पाहत न बसता पेरणी उरका, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. काही शेतकऱ्यांनी माझ्या शब्दावर विसंबून जानेवारीच्या अखेरीस बी टाकले.

पुढे ९ फेब्रुवारी रोजी, म्हणजे वसंतपंचमीच्या आदल्या दिवशी, पुण्याच्या वेधशाळेत किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या जवळ उतरले. भुईमुगाचे बी नीट उगवण्यास जमिनीत सुमारे १८ अंशांची ऊब लागते. थंड व ओल्या जमिनीत बी नुसते फुगून राहिले आणि पुष्कळसे कुजले. शेतांत जिकडे तिकडे नांग्या दिसू लागल्या. शेकोटीचा प्रश्न मला विचारला गेला तो याच वेळी.

माझी चूक कोणती झाली, हे नीट समजून घेतले पाहिजे. हवामान तापत आहे, हे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु अनेक वर्षांच्या सरासरीविषयीचे विधान मी एका पंधरवड्यास लावले. सरासरीने येता पंधरवडा कळत नाही. त्यासाठी त्या आठवड्याचा हवामान अंदाज पाहावयास हवा होता आणि पेरणीपूर्वी जमिनीतील ऊब तपासावयास हवी होती.

या चुकीची किंमत केवळ बियाण्यापुरती राहिली नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत उलट प्रकार घडला. देशातील त्या महिन्याचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक ठरले. त्याच गावी मी गव्हाला चिकाच्या व दाणे भरण्याच्या अवस्थेत हलके पाणी देण्याविषयी सांगावयास गेलो, तेव्हा काहींनी “तुमचे हवामान तुमच्यापाशी राहू द्या” असे म्हणून विषय संपविला. पुढे खळ्यावर त्यांच्या गव्हाचे दाणे बारीक व सुरकुतलेले राहिल्याचे मी स्वतः पाहिले. एका चुकीच्या बोलाने गेलेला विश्वास चार वर्षांनंतरही परत आलेला नव्हता. यास्तव शास्त्राविषयीच्या शंकेचा प्रश्न हा पारावरील गप्पांचा नव्हे, तर पिकाचा आहे.

पैसेवारीचा दाखला

गावाची पैसेवारी कशी ठरते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. गावातील निरनिराळ्या प्रतीच्या जमिनींतून प्लॉट निवडले जातात, तेथे पीक कापणी प्रयोग होतात आणि उताऱ्याची सरासरी काढून ती प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहिली जाते. ओढ्याकाठच्या एका भारी खाचरात भात उत्तम आले, म्हणून साऱ्या गावास सुकाळ ठरविला, तर कोणीही शेतकरी ते मान्य करणार नाही. त्याचप्रमाणे माळावरचा एखादा तुकडा वाळला म्हणून दुष्काळही जाहीर होत नाही.

हवेचेही तसेच आहे. आजची, उद्याची किंवा या आठवड्याची स्थिती ही झाली हवा. साधारणतः तीस वर्षांच्या नोंदींवरून जे सर्वसामान्य मान ठरते, ते हवामान. माघातील एक कडाक्याची रात्र हा एका प्लॉटाचा उतारा होय. त्यावरून जगाची पैसेवारी काढता येत नाही. हाच नियम दुसऱ्या बाजूसही लागू आहे. एखाद्या दिवशी असह्य उकाडा झाला म्हणून तेवढ्यावरून हवामान बदलले असे म्हणणे हेही चुकीचेच.

२०१९ या वर्षाचाच हिशेब पाहा. फेब्रुवारीत आपल्याकडे हुडहुडी भरली, डिसेंबरात उत्तर भारत गारठला. तथापि बारा महिन्यांचा व साऱ्या देशाचा हिशेब झाला, तेव्हा १९०१ पासूनच्या वर्षांत २०१९ हे त्या वेळेपर्यंतचे सातवे उष्ण वर्ष असल्याचे भारतीय हवामान खात्याने नोंदविले. थंडीही खरी होती आणि वर्षाची बेरीजही खरी होती.

हा गोंधळ केवळ आपल्याच गावांत होतो असे नव्हे. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इन्होफ नावाच्या सभासदांनी बाहेरून आणलेला बर्फाचा गोळा सभागृहात दाखविला आणि एवढी थंडी असता जग तापते कसे, अशी शंका उपस्थित केली. त्याच २०१५ सालाची जगाची सरासरी निघाली, तेव्हा ते तोपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कानंद खोऱ्यातील आजोबांची आणि त्या सभासदांची शंका एकच आहे. फरक इतकाच, की आजोबांना उत्तर ऐकावयाचे होते.

थंडी येते कोठून?

हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वाऱ्यांचे आवर्त हिमालयावरून जातात आणि तेथे बर्फ पाडतात. ते पुढे सरकले, की त्यांच्या मागून उत्तरेकडील थंड व कोरडी हवा राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेशावरून महाराष्ट्रात उतरते. आकाश निरभ्र आणि वारा शांत असला, म्हणजे रात्री जमीन आपली उष्णता वेगाने आकाशाकडे सोडते. बाहेरून आलेली थंड हवा आणि जागच्या जागी निवालेली जमीन ही दोन कारणे एकत्र आली, म्हणजे पारा एकदम खाली येतो.

मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सर्वसाधारण मानापेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी उतरले असेल, तर हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. त्याहून अधिक उतार झाल्यास ती तीव्र लाट समजली जाते.

जग तापले म्हणून उत्तरेचे वारे वाहण्याचे थांबत नाहीत, किंवा हिवाळ्याच्या रात्री लहान होत नाहीत. त्यामुळे थंडीच्या लाटा पुढेही येत राहतील. बदल होतो तो त्यांच्या संख्येत व मानात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेला भारतातील हवामान बदलाचा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. तसेच १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत वर्षातील सर्वांत उष्ण दिवसाचे तापमान सुमारे ०.६३ अंशाने आणि सर्वांत थंड रात्रीचे तापमान सुमारे ०.४ अंशाने चढले. म्हणजे वर्षातील सर्वांत थंड रात्रही पूर्वीइतकी थंड राहिलेली नाही. पुढे २०२४ हे वर्ष देशात १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष म्हणून नोंदले गेले.

पुण्याची थंडीची सर्वांत नीचांकी नोंद १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंश सेल्सिअस इतकी आहे. “आमच्या आजोबांच्या वेळी याहून जास्त थंडी असे” असे जुनी माणसे म्हणतात. त्या म्हणण्याला अशा नोंदींचा आधार आहे.

आभाळाची घोंगडी

तापमान वाढते का, याचे मूळ तत्त्व प्रत्येक शेतकऱ्याने स्वतः अनुभवलेले आहे. हिवाळ्यात ज्या रात्री आभाळ भरून येते, त्या रात्री थंडी कमी वाजते. चांदणे लख्ख पडले, की पहाटे गारठा अधिक. याचे कारण ढग हे जमिनीवर पांघरलेल्या घोंगडीसारखे असतात. घोंगडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही, अंगची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. ढगही जमिनीतून निघणारी उष्णता अडवितात.

हवेतील पाण्याची वाफ आणि कर्बवायू यांचे कार्य असेच आहे. हे वायू डोळ्यांस दिसत नाहीत, परंतु ते उष्णता अडवितात, हे जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोगाने दाखवून दिले. कर्बवायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचा पहिला हिशेब स्वीडनच्या अऱ्हेनिअस यांनी १८९६ साली मांडला. म्हणजे हे शास्त्र कालपरवाचे नाही. कोळसा व खनिज तेल जाळण्याचे प्रमाण वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारे २८० भाग कर्बवायू होता. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली तो सुमारे ४२४ भागांवर गेला. घोंगडीची वीण अशी दाट होत चालली आहे.

दाट घोंगडी पांघरली तरी कडाक्याच्या पहाटे थंडी वाजतेच, पण घोंगडी नसती तर वाजली असती त्याहून कमी. शेकोटीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

वेधशाळेचा आकडा आणि आपले खाचर

अविश्वासाचे आणखी एक कारण असे, की बातम्यांत पुण्याचे तापमान ९ अंश सांगितले जाते आणि आपल्या शेतात त्याहून बराच गारठा असतो. मग “यांचे यंत्रच खोटे” असा ग्रह होतो. वस्तुतः दोन्ही खरे असतात. वेधशाळेचा तापमापक जाळीदार लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. निरभ्र व शांत रात्री पिकाच्या उंचीवरील हवा त्यापेक्षा काही अंशांनी अधिक थंड असू शकते.

या विषयावरील मोलाचे काम आपल्या पुण्यातच झाले आहे. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि १९३२ साली येथे कृषिहवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांना भारतातील या शास्त्राचे जनक मानतात. शांत व निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा नेमकी जमिनीला चिकटून नसते, तर वीत-दोन वीत उंचीवर असते, असे त्यांनी दाखवून दिले. तोपर्यंतच्या समजुतीस हे धक्का देणारे होते आणि प्रथम त्यावर शंकाही घेतल्या गेल्या. पुढे वारंवार मोजणी होऊन ते मान्य झाले. आज हा थर रामदासांच्या नावाने ओळखला जातो.

आपल्या डोंगराळ भागात आणखी एक गोष्ट घडते. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. म्हणून गुंजवणी, कानंदी किंवा वेळवंडी यांच्या काठच्या खोलगट खाचरांत गारठा अधिक आणि वरच्या टप्प्यावरील शेतांत तो कमी असतो. चुलींचा धूर आडवा पसरतो तोही यामुळेच, कारण खालच्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसलेले असते. भाटघरसारख्या मोठ्या जलाशयाच्या अगदी काठी पाण्याच्या उबेमुळे थंडी थोडी सौम्य राहते. तालुक्याचा अंदाज आपल्या शेतास लावताना शेत उंचावर आहे की तळात, हे ध्यानी घ्यावे.

पिकांची व जनावरांची काळजी

थंडी गव्हास फुटवे येण्यासाठी उपकारक आहे. तिच्याविषयी भय बाळगू नये. हरभऱ्याचे मात्र तसे नाही. फुलोऱ्यात दिवस-रात्रीचे सरासरी तापमान १५ अंशांखाली राहिले, तर फुले गळतात व घाटे धरत नाहीत. अशा वेळी घाबरून जास्त पाणी किंवा वरखत देऊ नये. ऊब आल्यावर नवी फुले येतात. आंब्यास मोहोर येण्यासाठी थंडी लागते, पण ती फार लांबल्यास परागीकरण नीट न होऊन फळधारणा घटते. अधिसूचित भागातील आंबा बागायतदारांनी हवामानावर आधारित फळपीक विम्यात कमी तापमानाच्या धोक्यास संरक्षण आहे, याची माहिती मुदतीपूर्वी करून घ्यावी.

लाटेचा इशारा मिळाल्यावर पुढील उपाय योजावेत :

(१) भाजीपाल्यास व रोपवाटिकेस सायंकाळी हलके पाणी द्यावे. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, आणि ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवून रात्री सावकाश सोडते. पाणी साचू देऊ नये.

(२) रोपवाटिका रात्री भाताच्या पेंढ्याने किंवा प्लॅस्टिकच्या कागदाने झाकावी व सकाळी ऊन आल्यावर उघडावी.

(३) पिकांच्या ओळींत पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

(४) शेकोट्या करावयाच्या तर बांधावर, वाऱ्याच्या दिशेने, लहान लहान कराव्यात आणि त्यांच्याजवळ माणूस असावा. आपल्या डोंगरांवर या दिवसांत गवत वाळलेले असते. एका ठिणगीने वणवा लागून जंगल, चारा व गोठे यांची हानी होते. शेकोटीचा लाभ मर्यादित असतो, वणव्याचे नुकसान मात्र अमर्याद.

(५) उन्हाळी भुईमुगाची शिफारस केलेली वेळ १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी अशी आहे. या मुदतीतही थंडीची लाट चालू असेल तर पेरणी थांबवावी व थंडी ओसरल्यावर करावी. बीजप्रक्रिया टाळू नये.

(६) वासरे, करडे व कोंबड्यांची पिले यांना रात्री आडोसा द्यावा. वाऱ्याकडील बाजूस गोणपाटाचे पडदे लावावेत व खाली कोरडा भुसा किंवा पेंढा पसरावा. खेळती हवा मात्र पूर्णपणे बंद करू नये.

याच हंगामात उलट बाजूचीही तयारी ठेवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये उष्णता अकस्मात वाढते. मार्च २०२२ हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचे उत्पादन घटले आणि त्याच वर्षी १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. म्हणून गव्हाची पेरणी वेळेवर करावी आणि दाणे भरण्याच्या काळासाठी एक पाणी राखून ठेवावे. थंडीपासून पिकाचे रक्षण आणि उष्णतेची पूर्वतयारी यांत विरोध नाही. दोन्ही एकाच शेतकऱ्याने, एकाच हंगामात करावयाच्या गोष्टी आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

शेतकऱ्याने शंका घेतली, तर तिचा राग मानू नये. जो बियाणे मुठीत घेऊन पारखतो, तो शब्दही पारखून घेणारच. आपण मात्र शास्त्र जेवढे सांगते तेवढेच सांगावे. “यापुढे थंडी पडणार नाही” असे शास्त्राने कधीही म्हटलेले नाही. उत्तर ध्रुवाकडील प्रदेश तापल्यामुळे काही ठिकाणी थंडीच्या लाटांवर काय परिणाम होतो, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. जेथे मतभेद आहेत तेथे तसे सांगावे. सरासरी तापमान वाढत आहे आणि त्याचे मुख्य कारण माणसाने हवेत सोडलेले वायू आहेत, याविषयी मात्र संशयास जागा उरलेली नाही.

“चार दिवसांचा अंदाज चुकतो, मग वीस वर्षांचा कसा खरा धरावा?” असाही प्रश्न येतो. त्यास उत्तर साधे आहे. आषाढातील अमुक एका तारखेस आपल्या गावी पाऊस पडेल की नाही, हे वैशाखात कोणी सांगू शकत नाही. परंतु आषाढात वैशाखापेक्षा अधिक पाऊस पडतो, हे सांगण्यास कोणाची गरज नसते. पहिली गोष्ट हवेची, दुसरी हवामानाची.

मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणारी कृषिहवामान सल्ला पत्रिका वाचून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. ‘मेघदूत’ या मोबाइल सुविधेवरही सल्ला मिळतो. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसविलेली आहेत. आपल्या मंडळाच्या केंद्रातील नोंद पाहण्याची सवय लावावी.

याखेरीज प्रत्येक गावाने एक हवामान वही ठेवावी. किमान तापमान दाखविणारा तापमापक सावलीत, हवेशीर जागी टांगावा. रोज सकाळी पाऱ्याची नोंद, आकाश निरभ्र होते की ढगाळ, दहिवर पडले का, हरभऱ्यास फुले केव्हा आली, आंब्यास मोहोर केव्हा आला, एवढे लिहावे. शाळेतील मुले हे काम आनंदाने करतील. एका वर्षाच्या नोंदीने फारसे काही सिद्ध होणार नाही. पण पंधरा-वीस वर्षांनी त्या वहीत गावाची स्वतःची पैसेवारी तयार झालेली असेल.

गेल्या हिवाळ्यात मी त्या आजोबांच्या अंगणात पुन्हा शेकोटीजवळ बसलो आणि भुईमुगाच्या बाबतीत चूक माझी होती, हे प्रथम कबूल केले. मग घोंगडीचा दाखला दिला. ते बराच वेळ आभाळाकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “आज चांदणे लख्ख आहे. पहाटे गारठा वाढणार. वांग्याच्या रोपांवर पेंढा टाकायला हवा.” एवढे बोलून ते उठले. त्यांच्याबरोबर मीही पेंढा टाकावयास गेलो.